एका दाण्याचा हिशेब



कवीला माइकसमोर बसवलं की तो पावसावर बोलणार, आईवर बोलणार, फार तर माणुसकीवर बोलणार, अशी आपली समजूत असते. मी आज एका आकड्याबद्दल बोलणार आहे. मी साधा बी.ए. झालेला माणूस. गणिताशी माझा संबंध दहावीला सुटला, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण हा एक आकडा लहानपणापासून माझ्या मागं लागलेला आहे. आधी तो सांगून टाकतो. पेन्सिल हाताशी असेल तर लिहून घ्या :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५.

वीस अंकी आकडा. आपल्या जुन्या गणितात एकं, दहं, शतं करत अठराव्या स्थानाला परार्ध म्हणतात. तिथं आपली नावं संपतात. हा आकडा त्याच्याही पुढं दोन घरं जातो. म्हणजे १८४ परार्ध आणि वर उरलेले. त्याची गोष्ट मात्र तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्या शहाण्यानं राजाकडं बक्षीस मागितलं : पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरं दुप्पट करत जा. राजा हसला, आणि मग त्याची कोठारं रिकामी झाली. चौसष्ट घरांतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे हा आकडा.

ही गोष्ट शाळेत गुरुजींनी सांगितली आणि मी ती घरी येऊन अब्बांना सांगितली. अब्बा मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी अडत दुकानात मापाडी होते. त्यांचे वडील पायलीनं माप घालायचे, अब्बांच्या काळात काटा आला होता. त्यांना सहीपुरतं लिहिता येई, पण धान्याचा हिशेब तोंडावर असे. त्या रात्री त्यांनी ओसरीवर खडूनं पट आखला आणि अम्माच्या डब्यातून ज्वारी काढली. एक, दोन, चार, आठ असं करत आम्ही अकराव्या घरापर्यंत आलो. तिथं १०२४ दाणे मोजले. माझे डोळे दुखायला लागले. अब्बांनी ते दाणे एका छोट्या वाटीत भरले, वाटीवर नखानं खूण केली आणि म्हणाले, ‘‘हजार गिने ना? अब गिनना कायकू? अब नापेंगे.’’ बाराव्या घरात दोन वाट्या, तेराव्यात चार, चौदाव्यात आठ. सोळाव्या घराला बत्तीस वाट्या लागल्या. सोळा घरांत मिळून ६५,५३५ दाणे, म्हणजे सुमारे दोन किलो ज्वारी. तेवढ्यात अम्मा आली, तिनं सगळा पट सुपात गोळा केला आणि म्हणाली, उद्याच्या भाकरी काय आकड्याच्या करू?

पुढचं गणित मी मोठेपणी केलं. हजार दाण्यांचं वजन साधारण तीस ग्रॅम धरलं, तर चौसष्ट घरांची ज्वारी क्विंटलच्या पोत्यांत भरायला सुमारे साडेपाच लाख कोटी पोती लागतील. आज साऱ्या जगात गहू, तांदूळ, मका, ज्वारी सगळं मिळून वर्षाला तीनशे कोटी टनांच्या आतबाहेर धान्य पिकतं. त्या हिशेबानं साऱ्या जगाचं पावणेदोनशे ते दोनशे वर्षांचं पीक त्या पटावर ओतावं लागेल. दुपटीची ही ताकद आपल्या जुन्या व्यवहाराला ठाऊक होती. म्हणून तर दामदुपटीचा नियम झाला : व्याज मुद्दलाएवढं झालं की तिथं थांबायचं. पटाच्या दुसऱ्याच घरात सावकाराला थांबवणारा तो नियम.

बरीच वर्षं उलटल्यावर वाचनात एक गोष्ट आली आणि मी चमकलो. तेराव्या शतकातला अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान यानं बुद्धिबळाची ही कथा लिहून ठेवली आहे. तो म्हणतो, इतके दाणे होतील यावर माझा विश्वास बसत नव्हता. मग अलेक्झांड्रियाचा एक हिशेबनीस भेटला. त्यानं कागदावर सोळाव्या घरापर्यंत दाणे मांडले, ते ३२,७६८ झाले. तेवढ्या दाण्यांचं त्यानं एक माप धरलं आणि तिथून पुढं दाणे सोडून मापं दुप्पट करत गेला. मापांची कोठारं झाली, कोठारांची शहरं झाली आणि चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरं भरली. जगात इतकी शहरं आहेत तरी का, असं त्यानं विचारलं. श्रोतेहो, अलेक्झांड्रियाचा तो हिशेबनीस आणि आमच्या ओसरीवरचा मापाडी यांच्यात सातशे वर्षांचं अंतर आहे. पण दाणे मोजून हात दुखले की माणूस माप घेतो, ही अक्कल दोघांना एकाच धंद्यानं शिकवली.

त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल् बिरुनीनं हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत अचूक काढून ठेवला होता. हाच बिरुनी पुढं हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि इथल्या विद्यांवर ग्रंथ लिहून गेला. चौसष्ट वेळा दुप्पट करायची त्याला गरज पडली नाही. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४२९४९६७२९६ आणि त्याचा पुन्हा वर्ग. सहा वर्गांत काम संपलं. शेवटी त्यातून एक वजा केला. मग त्यानं त्या आकड्याचं चित्र रंगवलं : दहा दहा हजारांच्या थैल्या करा, आठ थैल्या एका खेचरावर लादा, दहा हजार खेचरांचा एक कळप, हजार कळप एका नदीच्या काठी, दहा हजार नद्या एका डोंगरातून. तरी डोंगर लागतात २,३०५. कोणत्याही कवीला हेवा वाटावा अशी ही कल्पना आहे.

पण मला खरं बोलायचं आहे ते शेवटी वजा केलेल्या त्या एकाबद्दल. एवढ्या प्रचंड आकड्यात एक कमी, एक जास्त, काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. त्यासाठी १९८२ सालातला एक दिवस सांगावा लागेल. मी बारा वर्षांचा होतो.

जुने मापाडी मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. अब्बा बाजारात ‘लाभ’ म्हणून सुरुवात करत आणि घरी अम्मा पीठ मापताना ‘बरकत’ म्हणे. बरकत, दो, तीन. अर्थ एकच. त्या वर्षी दुकानात एक नवे दिवाणजी आले होते. ते शहरातले. अब्बा काट्यावरून पुकारत आणि दिवाणजी वहीत रेघा ओढत. चार उभ्या, पाचवी आडवी. एका शेतकऱ्याची ज्वारी तोलून झाली तेव्हा अब्बांचा शेवटचा पुकारा होता ‘एकेचाळीस’. वहीत पोती चाळीसच. पोती तोवर ट्रकमध्ये दुसऱ्या मालात चढली होती. शेतकरी म्हणे एकेचाळीस, दिवाणजी म्हणे चाळीस. शेठ म्हणाले, ‘‘मापाडीचाचा, तुमचा पोरगा वर्गात हुशार आहे ना? त्यालाच मोजू द्या.’’

मी छाती पुढं काढून वही घेतली. पाचाचे आठ जुडगे. सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं, ‘‘चाळीस.’’ अब्बांनी माझ्याकडं पाहिलं, काही बोलले नाहीत. शेतकऱ्याच्या एका क्विंटलचे पैसे त्यांनी स्वतःच्या तोलाईतून फेडले. दोन महिने आमच्या घरात चहात दूध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन बसलो. अब्बांनी पुकारलं, ‘‘लाभ.’’ दिवाणजींची लेखणी हलली नाही. ‘‘दोन.’’ पहिली रेघ पडली. दिवाणजींना ‘लाभ’ म्हणजे देवाचं नाव घेतल्यासारखं वाटत होतं, ते मोजणीत धरतच नव्हते. मला सगळं समजलं. आणि श्रोतेहो, मी गप्प बसलो. काल मीच सगळ्यांदेखत चाळीस म्हणालो होतो. आज उठून ते चूक होतं असं सांगण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. आठवड्याभरात अब्बांचा पुकारा बदलला. ते म्हणू लागले, ‘‘लाभ एक, दोन, तीन.’’ म्हणजे त्यांनाही कळलं होतं. त्यांना कळलं हे मला कळलं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या मुलीमुळं. ती गणित शिकवते. एकदा मी तिला सहज म्हणालो, पटावरचा आकडा १६१५ नं संपला काय आणि १६१६ नं संपला काय, डोंगर तेवढेच. ती म्हणाली, ‘‘अब्बू, तुम्ही ‘केवढा’ एवढंच विचारता. ‘कशाचा बनलाय’ ते विचारा.’’

ती जे म्हणाली ते मी कागदावर स्वतः करून पाहिलं, तेच तुम्हाला सांगतो. शेवटी १६१६ असलेला आकडा म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात. त्याला कितीही फोडा, आत दोन, दोन आणि दोनच सापडतील. त्यात एकही विषम तुकडा नाही. आता त्यातून एक दाणा काढा. सगळे दोन नाहीसे होतात, एकही शिल्लक राहत नाही. मग आत काय आहे?

बुद्धिबळाचा पट मधोमध दुमडा. खालची बत्तीस घरं, वरची बत्तीस घरं. वरचं प्रत्येक घर खालच्या त्याच जागेच्या घराच्या ४२९४९६७२९६ पट आहे. म्हणजे सगळा पट मिळून खालच्या अर्ध्या पटाच्या ४२९४९६७२९७ पट झाला. वरचे ४२९४९६७२९६ आणि खालचा स्वतःचा एक. पुन्हा तो एक! आता अर्धा पट दुमडा. बत्तीस घरांची बेरीज सोळा घरांच्या बेरजेच्या ६५,५३७ पट. सोळाची आठाच्या २५७ पट. आठाची चाराच्या १७ पट. चाराची दोनाच्या ५ पट. आणि पहिल्या दोन घरांत दाणे तीन. म्हणजे तीन, पाच, सतरा, २५७, ६५,५३७ आणि ४२९४९६७२९७ यांचा गुणाकार केला की पट भरला. सहा घड्यांत चौसष्ट घरं.

यातल्या पहिल्या पाच संख्या मूळ संख्या आहेत, एक आणि स्वतः यांशिवाय त्यांना कशानंच भाग जात नाही. त्यातल्या सतराची एक निराळी कथा आहे. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन तीन आणि पाच समान बाजूंच्या आकृती काढणं ग्रीकांना येत होतं. सतरा बाजूंची आकृतीही काढता येते हे १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाऊसनं दाखवलं. मग सहावी संख्या कशी आहे? फ्रान्समधल्या फर्मा या कायदेपंडितानं १६४० मध्ये एका पत्रात लिहिलं की या जातीच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. आपल्याला हे सिद्ध करता येत नाही, हेही त्यानं प्रांजळपणे कबूल केलं. पुढं जवळजवळ शंभर वर्षं ती संख्या कोणाला फोडता आली नाही.

१७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या ऑयलरनं ती फोडली. ४२९४९६७२९७ ला ६४१ नं भाग जातो, उत्तर येतं ६७००४१७. ऑयलरनं दिसेल त्या संख्येनं भागत बसायची गरज ठेवली नाही. पुढं त्यानं सिद्ध करून दाखवलं की या संख्येला मूळ विभाजक असलाच तर तो चौसष्टाची पट अधिक एक असाच असणार. त्या रांगेतल्या मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. पाचव्या घावाला फर्माचा तर्क फुटला. पाहा, पटाची घरं चौसष्ट, आणि विभाजकही चौसष्टाची पट आणि वर एक.

म्हणजे आपल्या आकड्याच्या घरात सात जण राहतात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७००४१७. सगळे मूळ, प्रत्येक जण एकदाच. हे सात वेगवेगळ्या जोड्यांनी गुणले की विभाजक होतात बरोबर १२८. आणि एकाच दाण्यानं मोठा असलेला त्याचा शेजारी? त्याच्या घरात यातलं कोणीही नाही. हे नेहमीच असं असतं. लागून असलेल्या दोन संख्यांना एकाहून मोठा असा सामाईक विभाजक असूच शकत नाही. कारण जो दोघांना भागेल त्यानं त्यांच्यातल्या फरकालाही भागायला हवं, आणि फरक तर एक. आकारानं एकमेकाला इतक्या जवळच्या या संख्या आतून पूर्ण परक्या असतात.

याचा आणखी एक दाखला आपल्या लीलावतीत आहे. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या विद्येचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. लीलावतीत एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचं कबूल करतो. महिन्याच्या किती? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. सम असेल तर निम्मं करून वर्ग, विषम असेल तर एक वजा करून गुणाकार, अशी तिथलीही रीत वर्गांचीच आहे. या उत्तराला दोन, तीन, सात, अकरा असे कितीतरी विभाजक आहेत. त्यात एक कवडी टाका, २१४७४८३६४७. आता त्याला कशानंच भाग जात नाही. ही संख्या मूळ आहे हे पुन्हा ऑयलरनंच १७७२ मध्ये सिद्ध केलं. आणखी एक कवडी टाका, की आत फक्त दोन आणि दोन. तीन शेजारी, तिघांचे तीन स्वभाव.

ही मधली संख्या आपल्या काळातही कामाला लागली आहे. अनेक जुन्या संगणक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि त्यांना मोजता येणारा सर्वांत मोठा आकडा हाच. १९ जानेवारी २०३८ ला तो भरेल. त्यानंतरच्या एका सेकंदासाठी त्या यंत्रांत जागा नाही, म्हणून ती वेळेत बदलावी लागताहेत. नव्या यंत्रांत चौसष्ट जागा असतात. त्यांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या कोणती? आपला पटावरचा आकडा. त्यात एक मिळवला की मोजणी पुन्हा शून्यावर येते.

लीलावतीचा फारसी अनुवाद १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं केला. फैजी कवी होता. हे वाचल्यावर, या विषयावर बोलायचा मलाही थोडा हक्क आहे असं वाटून धीर आला. ओळीत एक मात्रा कमी पडली तर ओळ लंगडते, हे कवीला सांगावं लागत नाही. पण ‘एकानं काय होतं’ असं मी आयुष्यात एकदा स्वतःला समजावलं होतं, आणि त्या एकाची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली होती.

तुम्ही आज घरी एक करून पाहा. ६७००४१७ ला ६४१ नं गुणा. यंत्र घेऊ नका, हातानं गुणा. दहा मिनिटांचं काम आहे. उत्तर ४२९४९६७२९७ आलं की ऑयलरला काय वाटलं असेल याचा थोडा अंदाज येईल. एक जरी अंक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून करा.

अब्बा २००९ मध्ये गेले. ते दुकान आता नाही, तो शेतकरी कोण होता ते मला आठवत नाही. माझी साक्ष मात्र त्या दिवशी चारचौघांत झाली होती, म्हणून दुरुस्तीही चारचौघांत व्हायला हवी. ती करायला आज हा माइक मिळाला. मी वहीतल्या रेघा बरोबर मोजल्या होत्या. पण पोती एकेचाळीस होती. मापाडीचं माप बरोबर होतं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)